चिचटोला हॉल्टचा इतिहास आणि सोमवारची गाडी

चिचटोला, चंद्रपूर
गुरुवार, दुपार

आदरणीय दादाजीभाऊ,

फरहतचा सलाम आणि नमस्कार दोन्ही पाठवते. लागेल तो ठेवून घ्या. तब्येत कशी आहे? अहेरीची हवा मानवली का? रीताला म्हणा, बापाच्या चहात साखर नको (तुम्ही म्हणणार नाही, माहीत आहे).

तुम्ही पंचवीस वर्षं ज्या खिडकीतून तिकिटं दिली, ती बंद होऊन चार वर्षं झाली. गाडी समोरून जाते, थांबत नाही. गेल्या आठवड्यात निरोप आला, की रेल्वेचे साहेब पाहायला येणार आणि हॉल्ट सुरू करायचा की फलकही काढून न्यायचा ते ठरवणार. सोबत हॉल्टचा इतिहास एका पानावर द्या. माझं शिलाईचं दुकान फाटकासमोर आणि अक्षर बरं, म्हणून सगळ्यांनी ते माझ्या गळ्यात घातलं.

आता इतिहास कोणाला विचारणार? बापूजी म्हणाले, गोऱ्या साहेबाची टोपी खिडकीतून उडाली, ती शोधायला गाडी थांबली, तेव्हापासून थांबते. इंदुताई म्हणाली, टोपी-बिपी काही नाही, तिच्या आजेसासूनं लाल लुगडं रुळाशेजारी वाळत घातलं होतं, ड्रायव्हर घाबरला. मी दोन्ही लिहिलं. (टोपी लुगड्याजवळ सापडली, एवढं मात्र माझ्या मनाचं.)

किराणावाला प्रफुल म्हणाला, "सायबाले गर्दी दिसली पाह्यजे." म्हणून त्यानं तीसेक माणसं बॅगा देऊन उभी केली. बॅगांत भाताचं वाळलेलं तणस कोंबलं होतं. साहेब आले आणि त्याच वेळी लच्छूच्या म्हशीनं बिरजूची बॅग ओढली. चेन तुटली, तणस फलाटभर.

"हे घेऊन कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"गोंदियाले," बिरजू म्हणाला. "पावन्यायले आवडते."

प्रफुलनं डोक्याला हात लावला. मला वाटलं, संपलं. साहेब इंदुताईकडे वळले. ती रिकाम्या हातानं उभी होती.

"मले कुठीच नाई जाचं, भाऊ," ती म्हणाली. "माही पोरगी मूल गावाले हाये. दिवस भरत आले. डाक्टरनं बसचे धक्के नाई सांगतले. गाडी थांबली तं मायेरी येईन. म्या तेच पाहाले आली."

साहेबांनी माझं पान घडी करून खिशात घातलं, म्हशीला वळसा घालून गेले.

आज कागद आला. सोमवारपासून तीन महिने गाडी थांबवून पाहणार! इंदुताईनं तेव्हाच खोली सारवायला घेतली.

सर्वांना यथायोग्य.

तुमची बहीण,
फरहत

ता. क. इतिहासात तुमचं नाव टोपीच्या आधी टाकलं आहे. बापूजी रुसले आहेत.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर यासाठी. गाव म्हणते, पहिलं तिकीट इतिहास लिहिणारीनंच काढावं. भाऊ, कोणाला सांगू नका, मी जन्मात रेल्वेत बसली नाही. बावीस वर्षं फाटकासमोर, पण नुसती पाहिली. गाडी एकच मिनिट थांबणार. त्यात पाय कोणता आधी टाकायचा? रविवारीच मुक्कामाला या. मूलपर्यंत सोबत चला, तिथून इंदुताईच्या पोरीला घेऊन येऊ. जाताना मी डोळे मिटून बसणार. येताना खिडकी माझी.