बारा पॉइंट सहा

जव्हार,
मंगळवार

चि. केयूरराव यांस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठणठणीत आहोत आणि अंगणातला तुमचा ट्रेलरही. (सकाळी बॅटरी बारा पॉइंट सहा, म्हणजे पूर्ण भरलेली. पूर्वी पत्रात पाऊसपाणी लिहायचो, आता व्होल्ट लिहितो.) तुमची, ऋतिकाची आणि आमच्या नातीची, चि. स्वराची, तब्येत उत्तम असेलच. तिचा हलणारा दात पडला का, ते कळवा. फोनवर हे विचारायचं राहून जातं, कारण तुम्ही फोन करता तो व्होल्ट पडताळून पाहायला, आणि जावयाने आकडा विचारल्यावर तो तोंडपाठ नसणं बरं दिसत नाही म्हणून मी गडबडतो.

तुमच्या पुण्याच्या सोसायटीने हे चाकांवरचं घर आवारात उभं करू दिलं नाही, तेव्हा "आणा इकडे, अंगण रिकामंच आहे" असं मीच म्हणालो होतो. त्याबद्दल तक्रार नाही. जावयाची वस्तू म्हणून तुमच्या सासूबाईंनी त्याच्या दोन्ही चाकांना हळदकुंकू लावून घेतलं. पण आत बसवलेल्या त्या डबीची तुम्ही पुरेशी कल्पना दिली नव्हती. बॅटरी किती उरली, घरची लाईट आहे की गेली, छतावरच्या सोलर पॅनेलला ऊन किती लागलं, हे सगळं ती पुण्याला तुमच्या मोबाइलवर कळवते. (मला रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढावं लागतं. ती आत बसून गप्पा मारते.) त्यामुळे आमच्या घरची लाईट गेली हे आम्हाला तुमच्याकडून कळतं. परवा घरच्या लँडलाइनवर तुमचा फोन आला तेव्हा पंखा अजून थांबायचा होता. ही गोष्ट आळीत पसरली आहे. समोरच्या हौशीकाकू आता "लाईट कधी येणार, जावयांना विचारा" म्हणून दारात उभ्या राहतात, आणि वायरमन रूपेश खांबावर चढण्याआधी पुण्याचं काय म्हणणं आहे ते विचारून घेतो.

आता आजवर झालेल्या घोटाळ्यांबद्दल एकदा सविस्तर लिहून टाकतो. पहिला श्रावणात झाला. तुमच्या सासूबाईंना लसणाची चटणी वाटायची होती, म्हणून त्यांनी ट्रेलरचा प्लग काढून तिथे मिक्सर लावला आणि परत बदलायला विसरल्या. चार दिवस ऊन नव्हतं, बॅटरी उतरली. तुम्ही शनिवारी पहाटे निघून सहकुटुंब आलात, प्लग लावलात, हात झटकलेत. दोन मिनिटांचं काम. पण इतक्या लांब आलात म्हणून रविवारही राहिलात आणि स्वराने आजीबरोबर ट्रेलरमध्ये झोपायचा हट्ट पुरवून घेतला.

दुसरा घोटाळा नागलीच्या पापडांचा. कडक ऊन असताना तुमच्या मोबाइलवर सोलर शून्य दिसायला लागलं. "बाबा, तिकडे सूर्य आहे का?" असा तुमचा फोन आला. मी अंगणात जाऊन वर पाहिलं. सूर्य होता. तसं कळवलं. तरी शून्यच. मग शिडी लावली, तर पॅनेलवर स्वच्छ लुगडं अंथरून त्यावर पापड ओळीने निजलेले. तुमच्या सासूबाईंचं म्हणणं, एवढी तापणारी, उतरती, कुत्रं न पोचणारी जागा जव्हारात दुसरी नाही. पापड लाटायला येणारी मंगळी तर मलाच म्हणाली, "दादा, गाडी जागची हालं नाय, मंग तिला भूक कशी लागं?" तुम्ही त्याही शनिवारी आलात.

तिसरा घोटाळा गंभीर. प्लग लावलेला, पॅनेल मोकळं, तरी डबी म्हणे लाईट नाही, ऊन नाही, आणि बॅटरी खाली. मी पंचायत समितीत छत्तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, रीतसर पंचनामा केला. पंच म्हणून मंगळी आणि रूपेश. संशयित म्हणून उंदीर. प्लगवर लाखेचं सील मारलं. सील शाबूत राहिलं आणि बॅटरी पुन्हा उतरली. तुम्ही पुन्हा आलात, स्वराने पंचनाम्याच्या पाठीमागे उंदराचं चित्र काढलं. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आता तुम्ही नवीन यंत्र आणणार असं कळलं, ज्याने सगळी बटणं पुण्यातूनच दाबता येतील, आणि तुम्ही म्हणालात, "बाबा, मग मला यायची गरजच पडणार नाही." प्रगती आहे. आनंद वाटला. बाकी सर्व ठीक. ऋतिकाला आणि स्वराला आशीर्वाद.

तुमचा,
मधुकर

ता. क. १ : सोबत नागलीचे पापड पाठवले आहेत. थोडे काळे दिसतील. ते पॅनेलमुळे नाही, नागलीमुळे.

ता. क. २ : उंदीर निर्दोष आहेत. सील मी प्लगवर मारलं होतं, त्या प्लगचं भिंतीतलं बटण मोकळंच होतं. ते मी बंद केलं, पॅनेलवर गोणपाट टाकलं आणि आतला पंखा दोन दिवस चालू ठेवला. केयूरराव, तुमची डबी रडली की तुम्ही शनिवारी येता. ती हसत असली की तुम्ही येत नाही. या वयात मला दुसरा उपाय सुचला नाही. नवीन यंत्र बसवू नका, एवढीच विनंती. घरात हे कोणाला माहीत नाही, तुमच्या सासूबाईंना तर मुळीच नाही. तेवढं आपल्या दोघांत ठेवा.

ता. क. ३ : (हे मी, वनमाला, लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं होतं.) केयूरराव, यांनी तिसरा घोटाळा केला तो केला, पण पहिल्या दोन्हींचं श्रेय उगाच विसराळूपणाला नि पापडांना देऊ नका. पापड वाळवायला आमचं अंगण पुरतं. आणि मिक्सर दोन वर्षं बंद पडलाय, चटणी मी पाट्यावरच वाटते. सकाळी बटण बंद केलं आहे. शनिवारी या, स्वराला घेऊन.