नवख्याचा तंबू

१४ ऑक्टोबर २००६, शनिवार

पोचले. परदेशातल्या या नव्या शहरात, तोआ पायोह भागात, बाराव्या मजल्यावर छोटा फ्लॅट मिळाला आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपड्यांसाठी बांबूच्या काठ्या खोचायची सोय आहे. समोरच्या इमारतीवर घराघराचे कपडे पताकांसारखे बाहेर आलेले दिसतात. खाली हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा मंडप. कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायले, इतकी गोड की चमचा उभा राहावा.

सोमवारपासून तांजोंग पगार भागातल्या ऑफिसात. माझ्याच विभागात विनीता आहे. विनीता, तिचा नवरा विनायक आणि त्यांचा मित्र प्रबोध, या तिघांबरोबर माझा धाकटा भाऊ निहार दोन वर्षांपूर्वी पुलाउ उबीन बेटावर कॅम्पिंगला गेला आणि तंबूत मेला. दम्याने झोपेतच गेला, असं आम्हाला कळवलं. पुण्यात शवपेटी उघडली तेव्हा मी त्याचे हात पाहिले. नखं मोडलेली होती आणि त्यांत हिरवे धागे अडकले होते. झोपेत कुणाची नखं मोडतात?

म्हणून ही नोकरी. लग्नानंतरचं आडनाव असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. खूप दिवसांनी मी आनंदात आहे.

२२ ऑक्टोबर, रविवार

विनीताने फराळाला बोलावलं. अनारसे सुरेख झाले होते, दोन खाल्ले. विनायक मोठ्या बँकेत आहे, बोलतोही मीटिंगमध्ये असल्यासारखा. प्रबोध गमत्या. पुण्याची म्हटल्यावर, दुपारी एक ते चार तंबू बंद ठेवणार का, असं त्याने विचारलं. मी सगळ्यांत मोठ्याने हसले.

तंबूंचा विषय मीच काढला. लष्कराचे जुने, हिरव्या कॅनव्हासचे तंबू त्यांनी स्वस्तात घेतले आहेत. मॉलमधले नायलॉनचे तंबू वर्षभरात फाटतात, हे आपल्या नातवंडांना पुरतील, असं विनायकचं म्हणणं. मग मला नियम सांगितले. पाऊस येण्याआधी दोर सैल करायचे, कारण सुती दोर भिजला की आटतो. आणि पावसात आतून कापडाला हात लावायचा नाही. जिथे बोट टेकेल तिथूनच पाणी पाझरायला लागतं.

पूर्वी आम्ही नवख्याला तंबूत बांधायचो, आता ते बंद केलं, असं प्रबोध बोलून गेला. का बंद केलं, मी विचारलं. विनीता चिवडा आणायला उठली.

नवख्याचा तंबू अजून आहे. साबणाने धुतल्यामुळे जरा गळतो, पण चांगली वस्तू टाकून कशी द्यायची, असं विनायक म्हणाला. पुढच्या कॅम्पला तोच मला.

११ नोव्हेंबर, शनिवार

उबीन. बारा माणसं जमेपर्यंत बमबोटवाला, म्हणजे बेटावर नेणारा होडीवाला, हलला नाही. भाड्याच्या सायकलींवर तंबू बांधून किनाऱ्यावर आलो. तंबू म्हशीसारखा जड. दाराला आतून-बाहेरून सुती नाड्या आहेत. बाहेरच्या नाड्या मधेच कापलेल्या, नव्या जोडलेल्या.

दुपारी चारला पाऊस आला. मी एकटीच आत होते, कापडापासून हातभर दूर. दाराच्या पडद्यावर एक ओला डाग उमटला. मग दुसरा. दोन पंजे, बोटं फाकलेली. उजवी करंगळी बाहेर वळलेली, शाळेत क्रिकेटचा चेंडू लागून निहारची वळली होती तशी. पंजे खाली सरकत गेले, पुन्हा वर आले.

भीती वाटली नाही. मी त्याच्या तळव्याला तळवा लावला.

१२ नोव्हेंबर, रविवार

कॅनव्हास लगेच वाळवला नाही तर बुरशी धरतो. मी म्हटलं, माझा मी वाळवते. प्रबोध तो उचलून इथपर्यंत आला. खाली त्याला लिंबाचं सरबत पाजलं आणि हसत हसत विचारलं, नवख्यांना बांधायचात म्हणजे नक्की काय?

त्याने सांगितलं. बहुधा सांगायला कुणीतरी हवंच होतं. तो आणि विनायक एका हॉस्टेलचे, ही रीत तिथली. निहारच्या दाराच्या नाड्या प्रबोधने बाहेरून बांधल्या. पाऊस आला, गाठी आटून घट्ट बसल्या. निहार ओरडत होता, तेव्हा हे शेजारच्या तंबूत पत्ते खेळत होते. विनायक म्हणाला, नाटकं करतोय, डाव संपू दे. विनीताने रेडिओ मोठा केला. निहारच्या दम्याचा पंप त्याच्या बॅगेत होता आणि बॅग यांच्या तंबूत.

कुणाला सांगू नका हं उल्काताई, म्हणाला. मी म्हटलं, एकालाच सांगेन.

१३ नोव्हेंबर, सोमवार

तंबू काठ्यांवर वाळत होता. वाटीभर पाणी मारलं. पंजे आले.

मी तिन्ही नावं सांगितली. प्रबोध. विनायक. विनीता. एकेक नाव सावकाश, नीट कळेल असं. आणि म्हटलं, निहार, तुला जसं झालं तसंच.

१९ नोव्हेंबर, रविवार

प्रबोध गेला. त्याच्या फ्लॅटमध्ये, बेडरूममध्ये, एसी चालू, दार आतून बंद. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटलं. विनीता फोनवर रडत होती. त्याची नखं मोडली होती म्हणे, आणि नखांत हिरवे धागे. त्याच्या घरात हिरवं काहीच नाही.

फोन ठेवला आणि शिरा केला. बेदाणे घालून.

२६ नोव्हेंबर, रविवार

विनायक. कार पार्कमध्ये, गाडीत, पट्टा लावलेला. काचा आतून धुरकटलेल्या आणि त्यांवर पंज्यांचे ठसे. काही ठशांची करंगळी वाकडी होती.

भेटायला गेले. विनीता कोपऱ्यात बसली होती. मनात म्हटलं, बस, आता तुझाच डाव राहिलाय.

घरी आले तर खालच्या मजल्यावरची आंटी दारात. तुझं कापड दिवसभर माझ्या कपड्यांवर टपकतंय लाह, असं इथल्या लकबीत ओरडली. पाऊस नव्हता. गेले चार दिवस नाही.

२ डिसेंबर, शनिवार

विनीता आली होती. पाच पावलं चालली की थांबते.

ती म्हणाली, रेडिओ विनायकने मोठा केला होता. ती पावसात बाहेर गेली होती. गाठी सुटेनात म्हणून दातांनी ओढल्या, समोरचा दात तुटला. खोटा दात काढून दाखवला मला. कात्री मागितली, तर ती ज्या पेटीत होती तिच्यावर विनायक बसून हसत राहिला. शेवटी त्याला ढकलून तिने कात्री घेतली आणि नाड्या कापल्या. उशीर झाला होता. तिने निहारचं डोकं मांडीवर घेतलं.

तिलाही आता दुपारी श्वास लागतो. तोंडावर ओलं कापड दाबल्यासारखं. माझ्यावर का, असं विचारत होती. मी तर सोडवायला गेले होते.

मी कोण ते सांगितलं. नावं मी दिली, तेही. ती मारेल असं वाटलं. तिने फक्त विचारलं, माझं परत घेता येईल का?

संध्याकाळी तंबूसमोर बसून त्याला सगळं सांगितलं. ही नाही, निहार. हिने सोडवलं. पंजे थांबले नाहीत. कापडभर झाले.

४ डिसेंबर, सोमवार

तंबू खाली कचऱ्यात टाकला. ऑफिसातून आले तर काठ्यांवर. बाहेरून कोरडा. आतून थबथबलेला.

७ डिसेंबर

विनीता हॉस्पिटलमध्ये. छाती साफ आहे, काही सापडत नाही. दुपारी तिची नखं —

मी तंबू घट्ट गुंडाळून त्यावर बसले. तेवढा वेळ तिला श्वास आला. नर्सने वेळ सांगितली. मी बसले होते तीच वेळ.

म्हणजे त्याला धरून ठेवता येतं.

९ डिसेंबर, दुपार

विनीताला घरी सोडलं, ती इकडेच आली. बाहेरच्या खोलीत आहे. मी तंबू बेडरूममध्ये उभा केला, दोर पलंगाला आणि कपाटाला. त्याला धरून ठेवायला आत बसले आहे.

पाऊस सुरू झाला. तिची घरघर ऐकू येते आहे —

थांबली. नीट श्वास घेते आहे. पाणी मागितलं तिने.

तो इथे आहे.

सगळ्या बाजूंनी ओलं. पंजे आता माझ्यापाशी. मी म्हटलं, मी तुझी ताई. त्याला नावं तेवढी आठवतात. बाकी काही उरलेलं नाही त्याच्यात. मीच बाकी काही दिलं नाही त्याला.

बाहेरच्या नाड्या कुणीतरी बांधतं आहे. एक. दुसरी. खोलीत कुणी नाही.

कापड जवळ येतं आहे. पेन धरायला —

विनीता दाराशी. ताई, काय झालं, म्हणते. कात्री शोधते आहे. ड्रॉवर उघडल्याचा आवाज

नको. विनीता, कापू नकोस. मी ओरडले तरी आवाज — कापडात जिरतो.

कात्रीचं टोक आत आलं. पंजे सगळे तिकडे वळले. नको, विनीता, मी एकटी नाही, तू कापलंस की तो बाहेर, तुझ्याकडे —