चॉकलेटचा पाव तुकडा

आई,

डॉक्टरांनी लिहून दिलेलं गांजाचं चॉकलेट बशीत झाकून ठेवलंय. एका वडीचा पाव तुकडा, म्हणजे त्यात औषध अडीच मिलिग्रॅम. पहिल्यांदाच घेतेयस, तेव्हा आज एवढंच. बाकीचं कुलपात आहे आणि किल्ली माझ्या खिशात. रागावू नकोस. जन्मभर हॉटेलात रांधलंस तू, चव लागली नाही की आणखी चिमूटभर टाकायची तुझी सवय मला ठाऊक आहे. हे पोटातून सावकाश चढतं, दोन तासही लागतात. काहीच होत नाहीये असं वाटलं, तरी आज सोबतीला येणाऱ्या मावशीच्या मागे दुसऱ्या तुकड्यासाठी लागू नकोस, किल्ली तिच्याकडेही नाही. ती आल्यावरच खा. वर झोपेची गोळी अजिबात नको. छातीत धडधडलं, घाबरंघुबरं झालं, तर पडून राहा आणि तिला मला फोन करायला सांग. मी कामावरून निघून येईन.

उपचार सुरू झाल्यापासून तू ताट नुसतं पुढे सरकवतेस, माझ्या स्वयंपाकाला नावंसुद्धा ठेवत नाहीस. आज भूक लागेल असं डॉक्टर म्हणालेत. ओट्यावर सूप आहे, मुद्दाम अळणी केलंय. मिठाची बरणी शेजारीच ठेवलीय. ते मात्र मनाला येईल तेवढं घाल.