तिरप्या तुकड्यांची बाजू

अण्णा,

तुम्ही चुकला होतात. हे तोंडावर सांगायची सोय तुम्ही वीस वर्षांपूर्वीच वर जाऊन काढून घेतलीत, म्हणून लिहिते आहे.

वर्तकनगरची ती गच्ची. तुम्ही चिनीमातीच्या फुटक्या फरशांचे तुकडे बसवताय आणि मी, कॉलेजात संस्कृत घेतलेली तुमची लेक, सुट्टीत मदतीला. टाकीजवळचा हातभर कोपरा माझ्याकडे सोपवलात. संध्याकाळी त्यावरून तळहात फिरवलात आणि थापीच्या टोकाने माझे सगळे तुकडे उचकटलेत. मी म्हटलं, मुद्दाम तिरपे लावलेत, ऊन पडलं की चमकतील. तुम्ही म्हणालात, "पंडितबाई, गच्ची आहे ही. तुमच्या चमकण्यात पाणी तुंबेल. तुम्ही आपली रूपं पाठ करा." शेजारचा गवंडी हसला. त्यानंतर मी थापीला हात लावलेला नाही.

तर ऐका. गेल्या महिन्यात संस्कृतच्याच परिषदेसाठी इटलीला गेले होते. तिथे बायझंटाइन धाटणीचं एक चर्च पाहिलं, चांगलं पंधराशे वर्षांचं. बाहेरून नुसत्या विटा. कल्याणच्या बाजारातलं गोदाम बरं दिसतं. आत गेले आणि मान वर करून चालत राहिले. कमानी, घुमट, भिंती, सगळीकडे नखाएवढे काचेचे तुकडे, आतून सोन्याचा वर्ख लावलेले. मी चालतेय तसं ते सोनं जागं होतंय, विझतंय. माहिती सांगणाऱ्या बाई म्हणाल्या, कारागिरांनी एकेक तुकडा ओल्या चुन्यात जाणूनबुजून तिरपा दाबलाय, खिडकीतला उजेड धरायला. पाहुण्यांना हात लावता यावा म्हणून दाराशी नमुन्याची एक चौकट ठेवली होती. मी तुमच्यासारखाच तळहात फिरवला. टोचलं, अण्णा. अगदी मनासारखं टोचलं.

आता तुम्ही म्हणणार, त्यांच्या तुकड्यांवर पाऊस पडतो का? पूर्वपक्ष ऐकून घ्यावा असं शास्त्र सांगतं, ऐकला. निकाल तरीही माझ्या बाजूने. माझ्याकडे पंधराशे वर्षं भिंतीला धरून राहिलेले साक्षीदार आहेत, तुमच्याकडे एक गवंडी.

पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं. पहिल्याच वाचनात तुम्ही पकडलं असतंत. मी ते तुकडे मुद्दाम तिरपे लावले नव्हते. सरळ लावायचा दिवसभर प्रयत्न करत होते.