दादाच्या फोनमधली पाऊणपट

३० ऑक्टो., गुरु. दाभोळ
माझी जावास्क्रिप्टची लायब्ररी म्हणजे नाव मोठं. आत चिल्लर फंक्शनं: एक तारीख मराठीत दाखवतं, एक नावातल्या जादा जागा काढतं. शिकायचंच तर घरच्या कामाचं शिकावं, म्हणून आज नवीन घातलं, भरतीचं. बाबा बोटांवर करतात तेच. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. आज अष्टमी, आठाची पाऊणपट सहा. उत्तर बरोबर आलं तेव्हा एकटीच नाचले.

३ नोव्हें., सोम.
सगळ्या टेस्ट पास. दादाच्या फोनवर टाकलं, रेंज नसली तरी चालेल असं. बाबांचा गुडघा गेल्यापासून बोट चालवणारा तांडेल तोच. बाबा हसले, "आता फोनला इचारून दर्यात जानार काय रे?" दादा म्हणाला, "माज्या भैनीनं केलंन हाय." माझ्या शिकण्याला टाइमपास न म्हणणारा घरात हा एकटा.

१२ नोव्हें., बुध.
दादा बोट घेऊन गेला. परवा पहाटे येणार. खाडीच्या तोंडाशी वाळू आहे, म्हणून भरतीच्या तासभर आधी आत शिरतात. भांगाचे दिवस, भरतीलाही पाणी कमीच.

१३, गुरु., दुपार
सकाळी मासळी आणायला जेटीवर गेले. फोन म्हणतो सहाला भरती पूर्ण. सहा वाजून गेले तरी पाणी चढतच होतं.

घरी येऊन कोड उघडला. मेले. वद्य पक्षात तिथ्या पुन्हा एकापासून मोजायच्या. मी सलग तीसपर्यंत मोजल्यात, कोड आटोपशीर दिसतो म्हणून. आजची नवमी माझ्याकडे चोविसावी! चोविसाची पाऊणपट अठरा, म्हणजे घड्याळात सहा; नवाची पावणेसात. आणि टेस्ट सगळ्या शुद्ध पक्षातल्या, त्या पास होणारच. या घरात जन्मात कुणी 'चोविसावी तिथी' म्हटलं नसेल. मीच शहाणी.

म्हणजे उद्या दादा पाऊण तास लवकर वाळूवर येणार. अंधारात, भांगाच्या पाण्यात. चूक एका ओळीत सुधारली, पण त्याच्या फोनमध्ये जुनंच आहे. फोन लागत नाही.

संध्या.
बाबांना सांगितलं. ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटली. मला घेऊन शेजारच्या दिनूकाकांकडे गेले. त्यांची बोट बाहेर आहे, वायरलेसवाली, घरीही सेट आहे; आमच्या बोटीवर नाही. काका म्हणाले, "निरोप टाकलाय गो. म्होरच्या बोटीनं घेतलान. तुज्या दादापरेंत पोचला का, म्हायत नाय."

येताना बाबा म्हणाले, "पानी बघल तो. माजा पोरगा हाय." थोड्या वेळानं पुन्हा तेच.

वहिनीला अजून काही बोललो नाही. जेवताना ती म्हणाली, "तुज्या त्या फोनवाल्यात बघ ना, पाटे किती वाजता येतील?" मी पाणी प्यायला उठले.

१४, शुक्र., पहाट
जेटीवर बसून लिहितेय. बाबा आमच्या आधीच येऊन उभे, गुडघ्याचं नावही नाही. वहिनीला वाटेत सगळं सांगितलं. ती भराभर चालायला लागली.

तोंडाशी एक दिवा. बाबा म्हणतात आपलीच बोट. बराच वेळ झाला, दिवा जागचा हलत नाही, दादाचा फोन अजून लागत नाही. निरोप मिळून थांबलाय की वाळूत बसलाय, इथून कळत नाही. अजून उजाडलेलं नाही.

वहिनीनं माझा हात धरलाय. "थांबलेत ना गो ते?"

मी बाबांकडे बघतेय. ते दिव्यावरची नजर काढत नाहीत.