खांब क्रमांक सात

११ मार्च, मंगळवार

छत्तीस फोटो, छत्तीसही काळे. मागचं पाणी मात्र असं लखलखतंय की दागिन्यांच्या जाहिरातीत खपावं. मधोमध डांबराचा एक गोळा. तो गोळा पाणमांजर आहे हे मला ठाऊक आहे आणि पाणमांजराला ठाऊक आहे. सुनावणीला बसणाऱ्या तिघांना पटवायचं तर गोळ्यालाच उठून शपथ घ्यावी लागेल.

हरकतीचा अर्ज पुन्हा वाचला. दलदल भरून तिथे वाहनतळ करायचा आहे. चोवीस तारखेला सकाळी अकराला सुनावणी. पिल्लं असलेला प्राणी तिथे राहतो असं दाखवता आलं तर भराव थांबतो. पण फोटो कसा हवा? प्राणी आणि पाहणीचा पिवळा खांब एकाच चौकटीत, खांबावरचा आकडा वाचता येण्याजोगा. शिवाय फाइल मूळ हवी. संगणकावर उजळलेली, कापलेली, नटवलेली चालणार नाही. नंतर काहीही सावरून घेता येणार नाही, हे आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी लेखी दिलं.

अर्जाच्या तळाशी एक रकाना आहे – ‘छायाचित्र घेणाऱ्याचे नाव’. तो सध्या कोरा.

झुडपामागे तोफा लावून बसणाऱ्या कॅमेरावाल्यांवर मी आजवर वर्तमानपत्रात तीन सदरं पाडली. लोक खूप हसले होते. आज गुडघाभर चिखलात बसल्यावर त्यातला एकही विनोद आठवेना.

१२ मार्च

हे लिहायचं कालपासून टाळतेय. वही आता पिठाच्या डब्यामागे ठेवणार, तिथे नवऱ्याचा हात लग्नापासून गेलेला नाही.

पाहणीचा अहवाल त्याच्याच खात्याचा आहे. ‘दि. ३ फेब्रुवारी रोजी प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. कोणताही वन्य प्राणी आढळला नाही.’ खाली सही त्याची. वळणदार, जरा उजवीकडे झुकलेली, आमच्या सगळ्या कागदांवर असते तीच.

तीन फेब्रुवारीला तो प्रत्यक्ष पलंगावर होता. कंबर धरली होती. कूस बदलायची तर आधी मला आणि सासूबाईंना हाक मारायचा. त्या अवस्थेत त्याने फार तर घरातल्या पालींची पाहणी केली असेल.

म्हणजे मी चांगला फोटो काढला की पहिला प्रश्न येणार, मग पाहणी कोणी केली? सव्वीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला तीन वर्षं बाकी. आणि पुरावा देणारीचं आडनाव तेच.

कॅमेराही त्याचाच. पन्नाशीला त्याने स्वतःलाच दिलेली भेट. आणल्या दिवशी कपाटाचा एक फोटो काढला आणि कॅमेरा त्याच कपाटात ठेवला, तो चार वर्षं तिथेच.

त्याला सांगितलंय, छंदांवर लेखमाला लिहितेय. ‘बरं’ म्हणाला. त्याचं ‘बरं’ मला कधी वाचता आलेलं नाही.

१३ मार्च

कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेले. मालकांना सगळे पासपोर्टकाका म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी माणसांचे असे फोटो काढले की परदेशाने बघताक्षणी दार लावून घ्यावं. पण उजेड मात्र त्यांना तळहातासारखा कळतो.

‘अहो बाई, तीनच गोष्टी आहेत. भिंगाचं भोक किती उघडायचं, शटर किती वेळ उघडं ठेवायचं आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची भूक. एकाने माघार घेतली की दुसऱ्याने भार उचलायचा. संसारच आहे.’

‘आणि तिन्ही हट्टाला पेटले तर?’

‘तर तुमच्यासारखे फोटो येतात.’

मग त्यांनी मशीनचं खरं दुखणं सांगितलं. कॅमेऱ्याला जगात एकच रंग पटतो, राखाडी. काळं दाखवलं की त्याला वाटतं अंधार आहे, म्हणून उजळतो. पांढरं दाखवलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून दाबतो. मागे चकाकतं पाणी असलं की ते पाहून दबकतो आणि पुढच्या प्राण्याचा कोळसा करतो. त्याला दटावायला अधिक-उण्याचं बटण असतं. ‘बाबा रे, हे खरंच पांढरं आहे, असं त्याला सांगायचं.’

सगळ्याचं राखाडी करणारं यंत्र. अशी खाती चालवणारी बरीच माणसं मी पाहिलीत. पैकी एकाशी लग्न केलं.

१४ मार्च

आज अधिक दोन करून काढले. प्राणी दिसला, पण हललेला. शटर साठावर, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागावर घसरलं होतं. शेपट्या चार, डोकं एकही नाही. खांब धुक्यात. दहा दिवस उरले.

१५ मार्च, शनिवार

सकाळी चहाला तो म्हणाला, ‘बॅटरी चार्जिंगला तू लावलीस?’

‘हो. लेखासाठी.’

‘कसले फोटो काढतेस?’

‘फुलं. पानं.’

‘फुलांना एवढं लांब भिंग?’

‘लाजाळू आहेत.’

हसला नाही. एरवी माझ्या याहून सुमार विनोदांना हसतो.

तेवढ्यात सासूबाई वर्तमानपत्र घेऊन आल्या. त्यात सुनावणीची नोटीस, चौकोनात, बारीक अक्षरांत. त्यांना बारीक अक्षरंच तेवढी दिसतात, समोर ठेवलेली गोळी दिसत नाही. त्यातली पाहणीची तारीख मोठ्याने वाचून त्याला म्हणाल्या, ‘तीन फेब्रुवारी? तेव्हा तर तू आडवा होतास. मी गरम पिशवी देत होते की.’

त्याने चहा ढवळला. त्याच्या चहात साखर नसते.

‘दुसरी तारीख असेल, आई,’ मी म्हणाले. मी का म्हणाले ते मला माहीत नाही.

१६ मार्च, रविवार

गच्चीवर पांढरी चादर वाळत घालून सराव केला. नुसता काढला तर चादर मळकी राखाडी. अधिक दोन केलं आणि चादर पांढरी झाली, धुतल्यासारखी. साबणाच्या कंपन्यांचं गुपित कळलं. तासभर चादरीचे फोटो. शेजारीण तिच्या गच्चीवरून बघत होती, आता तिला काय वाटायचं ते वाटो.

उद्या ढग आहेत म्हणे. पासपोर्टकाका फोनवर म्हणाले, ‘मग सोडू नका. ढग म्हणजे आभाळभर लावलेला पडदा. मागून चकाकी नाही, पुढे सावली नाही. प्राण्याला आणि खांबाला सारखा उजेड मिळेल. असा दिवस मागून मिळत नाही.’

१७ मार्च

ढग होते. वारा नव्हता. सहा पन्नासला ती आली, मोठी मादी, मागे दोन पिल्लं. खांबाच्या बुडाशी दगडावर चढली, मासा पुढच्या दोन पायांत धरला आणि डोक्याकडून कुरकुरत खाऊ लागली. खांबावरचा सात आकडा बरोबर तिच्या कानाच्या वर. मी श्वास धरून बावीस फोटो काढले. घरी येईपर्यंत मनातल्या मनात हरकतीचं भाषणही पाठ झालं होतं.

सगळे पांढरे.

चादरीचं अधिक दोन तसंच राहिलं होतं. कालचं. चादर काढली, घडी घातली, कपाटात ठेवली. बटण मात्र चादरीवरच राहिलं. दुधात बुडालेले तीन पुसट डाग आणि एक खांब, ज्यावर आकडा नाही.

जेवणाचं ताट तसंच बाजूला सारलं. सासूबाई म्हणाल्या, ‘बरं वाटत नाही का?’ म्हटलं, फार उजेड पडला.

१८ मार्च

पासपोर्टकाकांनी फोटो पाहिले. हसले नाहीत, यावरून प्रकरण किती गंभीर ते कळलं.

‘एकदा अंधाऱ्या सभागृहात लग्न काढलं. मग सगळे बाहेर उन्हात आले आणि मी सेटिंग तसंच ठेवलं. त्या अल्बममध्ये नवरी नाहीच. नुसती साडी चालतेय. तेव्हापासून एक नियम आहे. निघण्याआधी सगळं शून्यावर आणायचं. कालचं काल.’

मग त्यांनी मला जागेचं चित्र काढायला लावलं. मी रस्त्याच्या बाजूला बसते. सकाळी सूर्य समोर, प्राण्याच्या पाठीमागे. संध्याकाळी ऊन माझ्या बाजूने येतं, पण तेव्हा रस्त्यावर गाड्यांची रांग असते, प्राणी नाकसुद्धा बाहेर काढत नाही.

‘तुम्ही आठवडाभर बटणं फिरवताय. जागा फिरवा. पलीकडून काढा, ऊन पाठीशी घेऊन. मग शटर हजारावर ठेवा, आयएसओ आठशे, अधिक-उणे शून्य. शेंबडं पोरही काढेल.’

पलीकडे खात्याचं कुंपण आहे. फाटकाला कुलूप. किल्ली पाहणी करणाऱ्याकडे असते. म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे, तिसऱ्या खिळ्याला.

१९ मार्च

किल्ली काढली. हातात धरून उभी राहिले. दूध उतू गेलं.

परत खिळ्याला लावली. त्याच्याविरुद्धचा पुरावा, त्याच्या कॅमेऱ्याने, त्याच्याच किल्लीने. एवढी काटकसर मला जमणार नाही.

संपादकांचा फोन आला होता. म्हणाले, फोटोचा नाद सोडा, सदरातून झोडा. सदरातून झोडलं की लोक हसतात. हसून झालं की भराव पडतो. वीस वर्षांचा अनुभव आहे.

२० मार्च

पुन्हा रस्त्याच्या बाजूने. पुन्हा कोळसा.

या वहीतल्या पेन्सिलीला टोक कोणी केलं? मीच केलं असणार. हल्ली काही लक्षात राहत नाही.

२१ मार्च, शुक्रवार

जेवताना त्याने विचारलं, ‘मिळाली का फुलं?’

‘ऊन समोरून येतं. नुसती सावली मिळते.’

‘मग पाठीशी घे ना ऊन.’

‘तिकडे कुंपण आहे.’

त्याने पोळीचा घास मोडला आणि हातातच ठेवला. सासूबाई आमटी वाढत होत्या. मी काहीही विचारलेलं नसताना तो म्हणाला, ‘कागद त्याच दिवशी हवा होता. साहेब दारात उभे होते. घरीच आले होते, फाइल घेऊन. तू बाजारात गेली होतीस.’

‘झोपून सही केलीस?’

‘उशीवर ठेवून.’

सासूबाईंनी डाव तसाच पातेल्यात सोडला. मला बोलायला वीस गोष्टी सुचल्या, सगळ्या झोंबणाऱ्या, सदरात शोभतील अशा. एकही बोलले नाही. तो उठला, ताट धुऊन ठेवलं आणि झोपायला गेला. कंबर अजून वाकडीच आहे.

सही करताना दुखत असणार. त्याला माहीत होतं की त्याने काय केलंय. हे नसतं माहीत, तर माझं काम सोपं होतं.

२२ मार्च

दलदलीशेजारी माती उकरायची दोन यंत्रं आणून ठेवलीत. सुनावणी अजून व्हायची आहे. किती विश्वास माणसांवर.

प्राणी आला नाही. यंत्रांचा वास लागला असेल.

२३ मार्च, रविवार

आज गेले नाही. गजर बंद करून पडून राहिले. कॅमेरा पुसला, बॅटरी भरली, कपाटात ठेवून दिला. उद्या अकराला हरकत नोंदवीन, तोंडी. पुरावा नाही म्हणतील, मी बरं म्हणेन आणि घरी येईन.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण दुसरीकडे कुठे कबूल करणार नाही. ठरवलं आणि सुटल्यासारखं वाटलं. तो वाचला म्हणून. मग पिल्लं आठवली. मासा कोणाचा यावरून एकमेकांच्या डोक्यावर चढणारी ती दोन पिल्लं. आयुष्यभर लोकांच्या सह्यांना हसले, आणि घरातल्या एका सहीसाठी गजर बंद केला.

२४ मार्च, सोमवार

हे अक्षर माझं आहे, तुझं नाही. पेन्सिलीला टोकही मीच करत होतो. पीठ संपलं होतं, आईने डबा काढायला सांगितला.

प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली. वेळ सकाळी सहा चाळीस. फाटक उघडून, आतल्या बाजूने, ऊन पाठीशी. निघण्याआधी सगळं शून्यावर आणलं. शटर हजारावर, आयएसओ आठशे, तू लिहिल्याप्रमाणे. प्राणी एक मोठा, दोन लहान. खांब क्रमांक सात, आकडा वाचता येतो. कार्ड कॅमेऱ्यातच आहे.

अकराला दोघं जाऊ. छायाचित्र घेणाऱ्याच्या रकान्यात माझं नाव घाल.