मिलच्या गेटावर टांगलेली अंडी

प्रिय आत्या,

तुला पत्रबित्र लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. पण काल बंद पडलेल्या कापड मिलची मशिनं भंगारवाल्यांच्या ट्रकांतून गेली, आणि आज, तू गेल्यापासून मी चालवते त्या तुझ्या वर्गात, चाळीतल्या सुनीताने मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. तू नाहीस, म्हणून लिहितेय. आणि रागात लिहितेय, आधीच सांगते.

तुला तरी काय सुचलं होतं गं? काका भिलाईच्या कारखान्यात होते, शेजारी ती युक्रेनची हालिना. सगळे तिला रशियन म्हणायचे आणि तू एकेकाला दुरुस्त करत बसायचीस. तिच्याकडून अंड्यांवर मेणाची नक्षी शिकलीस, ते ठीक. पण काका गेल्यावर इंदूरला आमच्या स्नेहलतागंजच्या घरी राहायला आलीस, ती अंडी घेऊनच! आईने तुला मागची खोली दिली, स्टोव्ह वेगळा दिला आणि अंडी स्वयंपाकघरात न आणायची शपथ घातली. जन्मात अंडं चाखलं नाहीस तू. तरी भोक पाडून, फुंकून ते रिकामं करायचीस आणि मग मोरीवर जाऊन खळाखळा चुळा भरायचीस. मी किती हसायचे! आता मीच भरते.

मिलच्या चाळीतली पोरं तू कशी गोळा केलीस, त्यांची बुआजी कशी झालीस, देव जाणे. टाचणीचं डोकं वितळलेल्या मेणात बुडवून अंड्यावर रेघ ओढायची. अंडं पिवळ्या रंगात, पुन्हा मेण, मग लाल, पुन्हा मेण, मग काळा. शेवटी मेणबत्तीशी धरून मेण पुसलं की दडलेले सगळे रंग बाहेर. बाप रंगखात्यातले, त्यामुळे पोरांना रंगाची भीती नव्हती. सुंदर व्हायची ती अंडी, मी नाही कुठे म्हणतेय?

पण ती गोष्ट कशाला सांगितलीस? डोंगराखाली साखळदंडाने बांधलेला राक्षस, आणि गावोगाव अंडी किती रंगली ते बघून येणारे त्याचे दूत. भरपूर असली तर साखळी आवळते, कमी पडली तर तो सुटतो. हालिनाच्या गावाकडची गोष्ट, छान आहे. पण बाप दिवसभर बंद गेटासमोर बसून असलेल्या पोरांना ती सांगायची असते का?

पोरांनी सरळ अर्थ लावला. मिल त्या राक्षसानेच बंद केली. झालं, लागली सगळी कामाला. दुकानावर लिंबू-मिरची टांगतात ना, तशी अंडी दोऱ्यात ओवून मिलच्या गेटाला टांगायला लागली. चौकीदार फेकून द्यायचा, ही दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. मी तुला म्हटलं होतं, त्यांना सांग, असं काही होत नसतं. तू काय म्हणालीस?

"करू दे गं. हात चालतायत तोवर रडत तरी नाहीत."

आणि चहा टाकायला उठलीस. तुझी ही सवय मला कधीच आवडली नाही. अडचणीचं काही निघालं की चहा! मग एक दिवस झोपेतच, कुणाला काही न सांगता गेलीससुद्धा.

आज सुनीताने अंडं हातात घेतलंच नाही. तिचे वडील आता घरीही कुणाशी बोलत नाहीत. मला म्हणाली, "ताई, हमारे अंडे कम पड़ गए थे क्या?"

कळतंय का तुला? मालक सुटले, सरकार सुटलं, पेपरात रोज कौतुकाने छापतात ते उदारीकरणही सुटलं, आणि दोषी कोण, तर ही एवढीशी पोर! कल बताती हूँ म्हणून वेळ मारून नेली. तुझ्यावर इतका संताप कधी झाला नव्हता. आणि तू समोर असावीस असंही इतकं कधी वाटलं नव्हतं.

तर ऐक. उद्या मी गोष्ट सांगणार नाही. सरळ सांगणार, की मिल मोठ्या माणसांनी बंद केली, अंड्यांनी ती उघडणार नव्हती, तुमच्या हातून काहीच कमी पडलेलं नाही. आणि हे बुआजींना ठाऊक होतं, त्यांनी सांगायला हवं होतं, त्या चुकल्या, हेही सांगणार. तुझं नाव घेऊन, सगळ्यांसमोर. रागावलीस तर रागाव. उद्यापासून एक पोर फिरकलं नाही तरी चालेल, पण तुला वचन देते, सुनीता हा प्रश्न मनात घेऊन मोठी होणार नाही.

आज तुझ्यावर फार चिडलेली,
तुझीच भाची
मीना